शटडाऊन येण्याआधी आपल्या ग्रँटची कागदं कशी बघून ठेवायची

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन संध्याकाळी सातनंतर वाजायला लागतो. पलीकडे पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातलं किंवा नुकतंच पोस्टडॉक म्हणून आलेलं कुणीतरी मराठी मूल असतं. प्रश्न ठरलेला: "ताई, बातम्यांत शटडाऊन शटडाऊन चाललंय. माझा पगार थांबेल का?" शटडाऊन म्हणजे पैसे मंजूर न झाल्यामुळे अमेरिकेच्या सरकारची खाती तात्पुरती बंद पडणं.

मी मूळची कराडची. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. केलं, लग्नानंतर इकडे आले आणि गेली १४ वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात ग्रँटचे, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या अनुदानांचे, हिशेब बघतेय. प्रयोग कसा करतात ते मला येत नाही, पण त्या प्रयोगाला लागणारी प्रत्येक बाटली कुणाच्या ग्रँटमधून आली, त्यात आता किती शिल्लक आहे आणि ती ग्रँट कधी संपते, हे सांगू शकते. २०१३ चा १६ दिवसांचा, २०१८-१९ चा ३५ दिवसांचा आणि २०२५ चा ४३ दिवसांचा, हे तिन्ही मोठे शटडाऊन मी याच खुर्चीत बसून काढले. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी शटडाऊन कशामुळे होतो ते पाहू, कारण आपल्याकडे असं काही नसतं. भारतात अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लेखानुदान घेतात आणि कारभार चालू राहतो. सभागृहात पैसेच मंजूर करून घेता आले नाहीत तर सरकार पडतं. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला असतो, तो या कारणाने पडत नाही आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसदही, विसर्जित होत नाही. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाची १२ विधेयकं, किंवा निदान काही आठवड्यांची तात्पुरती सोय, मंजूर झाली नाही तर ज्या खात्यांच्या नावे पैसे नाहीत ती बंद होतात. यामागे १८८४ पासून चालत आलेला अँटिडेफिशियन्सी कायदा आहे. मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही आणि कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही, असं तो सांगतो. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून खरोखर कुलपं लागायला लागली.

फुकट काम करायचं नाही, हा त्या कायद्यातला भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शटडाऊनमध्ये घरी बसवलेला प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे ग्रँट देणाऱ्या सरकारी संस्थेतला (एजन्सीतला) तुमची ग्रँट बघणारा अधिकारी, तुमची ईमेल वाचत नाही, कारण ती वाचायची त्याला कायद्याने मुभाच नसते. त्याला तुमची पर्वा नाही असं समजू नका. २०१३ मध्ये एक प्राध्यापक रोज एक ईमेल पाठवून उत्तराची वाट बघत होते. त्यांना हे समजावताना मलाही वाईट वाटत होतं.

आता पगाराचं. तुम्ही ज्या ग्रँटवर काम करता ती मंजूर होऊन हातात आलेली असेल, तर तिचे पैसे बहुतेक वेळा आधीच्या वर्षीच तुमच्या विद्यापीठाच्या नावे बांधून ठेवलेले असतात. विद्यापीठ महिनाभर आपल्या खिशातून खर्च करतं, पगार देतं, रसायनांची बिलं भागवतं आणि मग तेवढी रक्कम सरकारी प्रणालीतून काढून घेतं. तुमचा पगार विद्यापीठाच्या पेरोलमधून येतो. म्हणून शटडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी पगार बंद, असं होत नाही. आईबाबांना हे आधी सांगा. टीव्हीवर 'अमेरिका ठप्प' अशी पट्टी बघून त्यांची झोप उडालेली असते.

घोडं पेंड खातं ते सहीपाशी. ग्रँटच्या आयुष्यात अशा काही वेळा येतात की तिथे वॉशिंग्टनच्या परिसरात बसलेल्या एका खऱ्या माणसाची मान्यता लागते. पैसे असूनही त्या दिवसांत तो माणूस नसतो. त्यामुळे शटडाऊनची तयारी म्हणजे आपल्याला येत्या काही महिन्यांत अशी मान्यता कुठे लागणार आहे ते शोधणं आणि ती आधी मिळवणं.

सुरुवात नोटीस ऑफ अवॉर्ड, म्हणजे ग्रँट मंजूर झाल्याचं पत्र, या कागदापासून करा. तुमच्या पीआयकडे, म्हणजे ग्रँट ज्यांच्या नावे आहे त्या मुख्य प्राध्यापकांकडे, तो असतो, नसेल तर आमच्यासारख्या ऑफिसात असतोच. विद्यार्थी असलात तरी मागायला लाजू नका, तुमचा पगार त्यावर लिहिलेला आहे. त्यात ग्रँट पूर्ण संपण्याची तारीख बघा आणि चालू बजेटचं वर्ष संपण्याची तारीखही बघा. या दोन्हींत मुलांची फार गल्लत होते. एनएसएफची (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) स्टँडर्ड ग्रँट असेल तर तीन-चार वर्षांची सगळी रक्कम पहिल्याच दिवशी बांधलेली असते, मधल्या वर्षांची चिंता नाही. पण कंटिन्युइंग ग्रँट असेल तर दरवर्षी नवा हप्ता सुटावा लागतो. एनआयएचच्या (आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था) बहुतेक ग्रँटचंही तसंच, पाच वर्षांसाठी निवड झाली तरी पैसे वर्षावर्षाने येतात आणि त्याआधी प्रगती अहवाल जावा लागतो. तुमचं बजेटचं वर्ष ३० नोव्हेंबरला संपत असेल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरभर एनआयएच बंद असेल, तर १ डिसेंबरची नोटीस वेळेवर येईल अशी आशा धरू नका. ती येणार असते, पण उशिरा येते. मधले आठवडे पगार कुठल्या अकाउंटवर टाकायचा हे तुमच्या डिपार्टमेंटने आधी ठरवलेलं हवं.

यासाठी विद्यापीठांत एक सोय असते, तिला बहुतेक ठिकाणी ॲट-रिस्क अकाउंट किंवा ॲडव्हान्स अकाउंट म्हणतात. नोटीस यायची आहे, पण येईल याची बऱ्यापैकी खात्री आहे, अशा वेळी विद्यापीठ स्वतःच्या जोखमीवर अकाउंट उघडून देतं आणि पैसे आलेच नाहीत तर खर्च डिपार्टमेंटने सोसायचा अशी हमी विभागप्रमुखांकडून घेतं. अनेक ग्रँटमध्ये मंजुरीआधीचा ९० दिवसांपर्यंतचा खर्च पुढे मान्य होऊ शकतो. पण ही हमी एका दिवसात मिळत नाही. डीनच्या ऑफिसात फॉर्म फिरतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागितली तर ऑक्टोबरपर्यंत हातात येते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की काय होतं ते मी पाहिलंय आणि त्यात माझा हात होता.

२०१८ ची गोष्ट. आमच्याकडे मातीवर काम करणारी एक प्रयोगशाळा होती, एनएसएफच्या ग्रँटवर. तीन वेगवेगळ्या शेतांतली माती काचेच्या जारमध्ये भरून अंधाऱ्या खोलीत २५ अंशांवर ठेवलेली, एकूण २१६ जार. दर मंगळवारी प्रत्येक जारच्या झाकणातल्या रबराच्या बुचातून सिरिंजने हवा काढायची आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजायचं. मातीतले जीव किती वेगाने कार्बन सोडतात हे त्यावरून कळतं. हे काम लातूरची एक मुलगी आणि एक टेक्निशियन करायचे. ग्रँट ३१ डिसेंबर २०१८ ला संपत होती. पहिली मुदतवाढ, जी विद्यापीठ स्वतःच्या अधिकारात देतं, ती आधीच वापरून झाली होती. दुसरीला एनएसएफची मान्यता लागते आणि त्यासाठीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या ४५ दिवस आधी जायला हवा. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात.

प्राध्यापकांनी मसुदा वेळेत माझ्याकडे दिला. त्यातला शिल्लक रकमेचा एक परिच्छेद मला नीट वाटला नाही, म्हणून तो मी परत पाठवला. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली, माझ्या टेबलावर दुसऱ्या ग्रँटचे अहवाल होते, आणि तो अर्ज १९ डिसेंबरला गेला. २२ डिसेंबरला शटडाऊन सुरू झाला.

२ जानेवारीला सकाळी ती मुलगी माझ्या टेबलासमोर आली. हातात प्रयोगशाळेची वही. तिने पगाराचं विचारलंच नाही. वही उघडून दाखवली: प्रत्येक पानावर मंगळवारची तारीख, खाली २१६ आकडे, एकही मंगळवार चुकलेला नाही. "ताई, पुढच्या मंगळवारी हेलियमचा सिलिंडर लागेल. कुठल्या अकाउंटवर मागवू?" मला उत्तर देता आलं नाही. आदल्याच दिवशी ते अकाउंट बंद झालं होतं आणि उघडणाऱ्याच्या ऑफिसला कुलूप होतं.

विभागप्रमुखांनी डिपार्टमेंटच्या पैशांतून तिचा पगार आणि सिलिंडर भागवला, मोजणी थांबली नाही. शटडाऊन २५ जानेवारीला संपला, मुदतवाढ फेब्रुवारीत आली, मग तो खर्च आम्ही पुन्हा ग्रँटवर घेतला. कागदावर सगळं जुळलं. पण टेक्निशियनचे तास मधले चार आठवडे अर्ध्यावर आणले होते. तो ताशी पगारावर होता. त्याचे ते पैसे कुणीच परत दिले नाहीत. माझ्या हातून अर्ज महिनाभर आधी गेला असता तर हे टळलं असतं. त्यानंतर मी पुढच्या १२० दिवसांत संपणाऱ्या ग्रँटची यादी दर महिन्याच्या एक तारखेला काढते आणि ज्यात वॉशिंग्टनची मान्यता लागणार आहे त्या ओळी लाल करते. तुम्हीही आपल्या एका ग्रँटपुरती अशी ओळ करून ठेवा.

लाल ओळीत काय काय येतं? दुसरी मुदतवाढ तर आलीच. पीआय दुसऱ्या विद्यापीठात जाणार असेल तर ग्रँट हलवायला मान्यता लागते. पीआय बदलायचा असेल किंवा तो तीन महिन्यांहून जास्त बाजूला होणार असेल तरी लागते. कामाची दिशाच बदलायची असेल तर लागते. परदेशातल्या संस्थेला नव्याने जोडायचं असेल तर लागते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेशी सहकार्य असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जुना सबअवॉर्ड, म्हणजे ग्रँटमधून दुसऱ्या संस्थेला दिलेला वाटा, चालू असेल तर पुण्याचं बिल अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे येतं, एजन्सीकडे नाही, त्यामुळे ते थांबायचं कारण नाही. नवा करार मात्र अडकतो.

कोणाचा पैसा खरोखर थांबतो, तेही स्पष्ट सांगते, म्हणजे उगीच सगळ्यांनी घाबरायला नको. ज्यांची फेलोशिप विद्यापीठामार्फत न येता एजन्सीकडून थेट त्यांना मिळते, त्यांनी सावध राहावं. २०१९ च्या जानेवारीत एनएसएफच्या काही पोस्टडॉक फेलोंचे पैसे असेच अडकले होते. एनएसएफच्याच जीआरएफपी या विद्यार्थ्यांच्या फेलोशिपची रक्कम विद्यापीठातून येते, तिथे विद्यापीठ सांभाळून घेऊ शकतं. दुसरा गट कराराखाली काम करणाऱ्यांचा. नासाचं वगैरे काम कधीकधी ग्रँट नसून काँट्रॅक्ट असतं आणि त्यावर काम थांबवण्याचा आदेश येऊ शकतो. आदेश आला तर त्या तारखेनंतरचा एक तासही त्या अकाउंटवर लावू नका, मग तुमचं काम कितीही मन लावून चाललेलं असो.

तिसरा गट सरकारी जागेत काम करणाऱ्यांचा, आणि याचा विचार लोक शेवटी करतात. तुमचा पगार विद्यापीठाचा असेल, पण यंत्र मेरीलँडमधल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात असेल, हरितगृह यूएसडीएचं, म्हणजे शेतीखात्याचं, असेल किंवा जंगल राष्ट्रीय उद्यानाचं असेल, तर दारावर कुलूप आहे. २०१३ मध्ये अंटार्क्टिकातल्या अमेरिकी तळांवरचं काम जेमतेम देखभालीपुरतं ठेवायचा निर्णय झाला, तोही मोहिमांचा हंगाम सुरू होण्याच्या वेळी. आयल रॉयल या बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस हरणांची मोजणी चालू आहे. २०१९ च्या जानेवारीत तीही धोक्यात आली, कारण ते बेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि मोजणी बर्फाच्या दिवसांतच होते. अशा जागी तुमचे नमुने, लॅपटॉप किंवा वही असेल तर शटडाऊनच्या आदल्या दिवशी आणून ठेवा. सरकारी संकेतस्थळांवरचा जो डेटा रोज लागतो तो उतरवून घ्या. संकेतस्थळ दिसत राहतं, पण नवीन भर पडणं थांबू शकतं.

प्रत्येक शटडाऊन सगळ्यांना सारखा लागत नाही. २०१८-१९ मध्ये एनआयएच सुरळीत चालू होतं, कारण त्याचं विधेयक आधीच मंजूर झालं होतं. एनएसएफ, नासा, नोआ (हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी संस्था), यूएसडीए बंद होते. २०२५ मध्ये १२ पैकी एकही विधेयक मंजूर नव्हतं. १२ नोव्हेंबरला कुलपं उघडली तेव्हा शेतीखात्याला पूर्ण वर्षाचे पैसे मिळाले आणि संशोधनाच्या बाकी मोठ्या एजन्सींना फक्त ३० जानेवारी २०२६ पर्यंतचे. म्हणून 'शटडाऊन होणार का' एवढ्यावर थांबू नका, आपल्या एजन्सीचं विधेयक मंजूर झालंय का ते बघा. एनएसएफ, नासा, नोआ आणि निस्ट (मापनं आणि मानकं बघणारी संस्था) एका विधेयकात येतात, एनआयएच आरोग्य-शिक्षण-कामगार यांच्या विधेयकात, ऊर्जा खातं पाणी-ऊर्जेच्या विधेयकात.

व्हिसाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या मुलांची खरी धास्ती तीच असते. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीचे, अर्ज यूएससीआयएस हे व्हिसा-स्थलांतराचं सरकारी कार्यालय बघतं, ते फीच्या पैशांवर चालतं, म्हणून चालू राहतं. पण विद्यापीठाला तुमचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, दाखल करायचा तर आधी कामगार खात्याकडून एलसीए हा पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो, आणि कामगार खातं मंजुरीच्या पैशांवर चालतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून जवळपास महिनाभर ते काम बंद होतं. ज्यांचा ओपीटी त्याच दिवसांत संपत होता त्यांचे हाल झाले. एलसीए नोकरीच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. तुमची तारीख ऑक्टोबर ते जानेवारीत असेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला जुलै-ऑगस्टमध्येच गाठा. "अजून वेळ आहे" असं उत्तर मिळालं तर नम्रपणे, पण लेखी, पुन्हा विचारा.

शटडाऊन सुरू झाल्यावर काम चालू ठेवा. बरेच जण घाबरून खरेदी थांबवतात, प्रयोग पुढे ढकलतात, आणि मग महिन्याभराचं नुकसान आपलं आपणच करून घेतात. ग्रँट चालू आहे, पैसे बांधलेले आहेत आणि थांबायचा आदेश नाही, तर थांबायचं कारण नाही. प्रपोजल द्यायचं असेल तर ठरलेल्या तारखेलाच द्या. ग्रँट्स डॉट गव्ह मोठ्या शटडाऊनमध्येही अर्ज स्वीकारत आलंय. मात्र २०१३ मध्ये एनएसएफची फास्टलेन प्रणाली बंद होती, म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका. प्रणालीत अडचण आली तर मदतकेंद्रावर फोन उचलायला कुणी नसेल, त्यामुळे स्क्रीनचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. प्रगती अहवाल तयार करून ठेवा. आणि ज्या मान्यतेची वाट बघताय ती मिळालीच असं धरून खर्च करू नका. विद्यापीठाच्या रिसर्च ऑफिसकडून त्या दिवसांत रोज ईमेल येतात, त्या वाचा. बाहेर पसरलेल्या अफवांपेक्षा तिथलं वाक्य खरं.

एक गोष्ट २०२५ मध्ये फार जणांनी विचारली. त्या वर्षी शटडाऊनच्या आधीच बऱ्याच ग्रँट रद्द झाल्या होत्या, त्यामुळे मुलांना वाटायचं की शटडाऊन म्हणजे आपली ग्रँटही गेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रँट रद्द झाली तर तुमच्या ग्रँटच्या क्रमांकासह विद्यापीठाला लेखी कळवलं जातं. असं पत्र आलेलं नसेल तर ग्रँट जिवंत आहे.

कुलूप उघडल्यानंतरचे महिने जास्त कठीण असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एनआयएचच्या परीक्षण समित्या बसतात, त्यांच्या शिफारशी जानेवारीच्या कौन्सिलपुढे, म्हणजे सल्लागार मंडळापुढे, जातात. २०२५ मध्ये त्या बैठका रद्द होऊन पुढे गेल्या. २०१९ च्या जानेवारीत एनएसएफच्या शंभरहून जास्त परीक्षण बैठका अशाच पुढे ढकलल्या गेल्या. परीक्षक स्वतः प्राध्यापक असतात, त्यांना नव्या तारखा जुळवाव्या लागतात. ४३ दिवस बंद राहिलेलं ऑफिस ४४ व्या दिवशी सगळं उरकत नाही, टेबलावर दीड महिन्याच्या फायली असतात आणि त्यात रोज नवीन पडत असतात. तुमची नोकरी अजून मंजूर न झालेल्या ग्रँटवर ठरली असेल तर रुजू व्हायची तारीख तीन-चार महिने पुढे जाऊ शकते असं गृहीत धरा. पीआयला सरळ विचारा: "सर, ग्रँट उशिरा आली तर मधले महिने माझा पगार कुठून येईल?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या प्राध्यापकाकडे उत्तर असतं तो लगेच देतो. ज्याच्याकडे नसतं त्याला शोधायला वेळ मिळतो. हाती दोन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे ठेवता आले तर ठेवा, आणि जुनं घर सोडायची नोटीस नवी नोटीस ऑफ अवॉर्ड बघितल्याशिवाय देऊ नका.

तुमच्या ग्रँटचे हिशेब कोण बघतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. उद्या डिपार्टमेंटमध्ये गेल्यावर त्या व्यक्तीचं नाव विचारा, तिच्या टेबलापर्यंत जा, आणि आपल्या अकाउंटची संपायची तारीख तिच्याबरोबर बसून बघा. पंधरा मिनिटं लागतात.